लढाईचं चित्र हवंच असेल, तर धक्क्यावरचं काढा

१४ नोव्हेंबर १८५४ च्या सकाळी लंडनकरांनी 'टाइम्स' उघडला, तेव्हा त्यात विल्यम हॉवर्ड रसेलने क्रिमियाहून पाठवलेला वृत्तान्त होता. काळ्या समुद्रावरच्या या द्वीपकल्पात इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क मिळून रशियाशी लढत होते. इंग्रजांची लाइट ब्रिगेड ही घोडदळाची तुकडी बालाक्लावाच्या खोऱ्यात रशियन तोफांवर थेट चालून गेली, त्याची ही हकीकत. घटना वीस दिवसांपूर्वीची. साडेसहाशेच्या वर स्वार होते, त्यांतले शंभराच्या थोडे पुढे मारले गेले, आणि सगळा प्रकार अर्ध्या तासाच्या आत आटोपला. त्यावरची टेनिसनची कविता ९ डिसेंबरला छापून आली. पुढे दीडशे वर्षं चित्रकारांनी तीच दौड पुन्हा पुन्हा रंगवली.

लंडन ही बातमी वाचत होतं त्याच दिवशी, त्याच बालाक्लावाच्या बंदराबाहेर, मोठं वादळ झालं. आत जागा नाही म्हणून बाहेर नांगरून ठेवलेली जहाजं कड्यांवर आपटून फुटली. त्यांत 'प्रिन्स' नावाचं आगबोटीचं धूड होतं. जवळजवळ सबंध फौजेला पुरतील इतके हिवाळी कपडे त्याच्या पोटात होते. 'रिझोल्यूट'बरोबर काडतुसांचा प्रचंड साठा बुडाला. त्या हिवाळ्यात इंग्रज सैनिक हजारोंनी मेले, ते थंडीने, हगवणीने, स्कर्व्हीने (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने) आणि उपासमारीने. संपूर्ण युद्धातल्या ब्रिटिश मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रोगराईचे होते. बुडालेल्या कोटांवर कुणी कविता केली नाही.

हे काव्यावर रागावून लिहीत नाही. घोडदळाची दौड चित्रात छान दिसते आणि ओल्या पेट्यांचा ढीग छान दिसत नाही, एवढं साधं कारण त्यामागे आहे. पण लोकशाहीत युद्ध लोकांच्या नावाने आणि लोकांच्या पैशाने लढलं जातं. मग लोकांना त्यातलं काय दिसतं हा केवळ कलेचा प्रश्न उरत नाही. माझं म्हणणं असं की युद्धात उतरलेल्या कोणत्याही सरकारने आपल्या बंदरांत, गोदामांत आणि रसदीच्या रस्त्यांवर स्वतंत्र चित्रकाराला बसू दिलं पाहिजे. त्याने काढलेलं चित्र किती काळ रोखून धरायचं, हे सेनापतीच्या मर्जीवर न सोडता आधीच नियमाने ठरलेलं असलं पाहिजे. आणि आपण, म्हणजे पैसे भरणाऱ्यांनी आणि पोरं पाठवणाऱ्यांनी, आघाडीच्या चित्राइतकंच हेही चित्र हक्काने मागितलं पाहिजे.

बालाक्लावाचंच उदाहरण घेऊ, कारण या बाबतीत इतकं उघडंवाघडं उदाहरण दुसरं नाही.

हे बंदर म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची एक चिंचोळी फट. तोंड इतकं वाकडं की बाहेरून आत पाणी आहे हे कळत नाही. वर जुना जिनोईज किल्ला, खाली कोळ्यांचं लहानसं गाव. सप्टेंबर १८५४ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि आपल्या सगळ्या फौजेचा जीव त्या फटीत कोंबला. फ्रेंचांना पश्चिमेकडे कामीशची मोकळी खाडी मिळाली, तिथे जहाजांना ऐसपैस जागा होती. बालाक्लावात जहाजं एकमेकांना खेटून उभी, धक्का म्हणावा तर नावापुरता, आणि कुठलं जहाज कधी आत घ्यायचं, कुठला माल आधी उतरवायचा, हे ठरवणारा एक माणूस नाही. वाहतुकीच्या जहाजांचं खातं वेगळं, आरमाराचं वेगळं, तोफखान्याचं वेगळं. रसदखातं तर लष्कराच्या हाताखालीही नव्हतं. ते लंडनच्या ट्रेझरीला, म्हणजे खजिन्याच्या कारकुनांना, उत्तर देई. औषधांच्या पेट्या दारूगोळ्याखाली दडपल्या गेल्या, म्हणून कॉन्स्टँटिनोपलजवळच्या स्कुटारीच्या इस्पितळात उतरायची औषधं न उतरता पुढे बालाक्लावापर्यंत गेली, असेही प्रकार झाले.

बंदरापासून, वेढा घातलेल्या सेवास्तोपोल या रशियन शहरासमोरच्या छावणीपर्यंतचं अंतर सहा-सात मैल. चढाची वाट. पक्का म्हणावा असा व्होरोन्त्सोव्ह रस्ता २५ ऑक्टोबरच्या लढाईनंतर हातातून गेला होता. ज्या लढाईत लाइट ब्रिगेडची ती दौड झाली, तिचा खरा तोटा हा होता. पण तो कुठल्याही चित्रात येत नाही. नोव्हेंबरच्या पावसाने उरलेल्या कच्च्या वाटेचा चिखल झाला. गाड्या रुतल्या. ओढणारी जनावरं मेली, कारण त्यांना चारा नव्हता. चारा नव्हता, कारण रसदखात्याच्या जेम्स फिल्डरने इंग्लंडकडे मागितलेल्या गवतातला फार थोडा भाग वेळेत पोहोचला. आणि आलेला चारा तरी वर न्यायचा कशाने, तर त्याच उपाशी जनावरांनी. कागदी घोडे सुरेख नाचत होते. खरे घोडे भुकेने एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळी चावत मरत होते, त्यांत त्या प्रसिद्ध दौडीतून वाचलेलेही होते. शेवटी खंदकात रात्र काढलेले सैनिक दिवसा चिखल तुडवत बंदरावर जात आणि आपली बिस्किटं आपल्याच पाठीवर घेऊन वर येत.

म्हणजे बंदर भरलेलं आणि छावणी उपाशी. लिंबाच्या रसाची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. स्कर्व्हीवर हा रस चालतो हे ब्रिटिश आरमाराला अर्धशतकापासून ठाऊक होतं. डिसेंबरमध्ये रसाचा भरपूर साठा बालाक्लावात आला. सैनिकांना तो फेब्रुवारीत मिळू लागला. मधले सहा-सात आठवडे औषध आणि रोगी एकमेकांपासून काही मैलांवर होते. नेहमीच्या शिध्यात रस धरलेला नव्हता, आणि आपणहून तो वाटावा असं कुणाला वाटलं नाही. कॉफीचंही तसंच. कॉफी हिरव्या, न भाजलेल्या बियांच्या रूपात वाटली गेली. ज्या छावणीत अन्न शिजवायला लाकूड नाही, लोक झुडपांची मुळं खणून जाळताहेत, तिथे बिया भाजायच्या कशा आणि दळायच्या कशा, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मात बसत नव्हता.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, विल्यम सिम्पसन नावाचा एकतीस वर्षांचा चित्रकार या बंदरात उतरला. ग्लासगोच्या गरीब घरातला, लिथोग्राफीच्या, म्हणजे दगडावरून चित्रं छापण्याच्या, कारखान्यात शिकून वर आलेला माणूस. त्याला सरकारने धाडलेलं नव्हतं. कोल्नागी या लंडनच्या चित्रविक्रेत्यांनी धाडलं होतं, युद्धाची चित्रं विकली जातील या हिशेबाने. त्याच्या चित्रांचा संग्रह १८५५-५६ मध्ये दोन भागांत निघाला, सुमारे ऐंशी लिथोग्राफ. त्यात लढाया आहेत, तोफा आहेत, सेनापती आहेत. पण त्यात बालाक्लावाच्या धक्क्यावरून जहाजांवर चढवले जाणारे आजारी सैनिक आहेत, गावातून टाकलेला रेल्वेचा रूळ आहे, आणि बंदर ते छावणी या वाटेवरच्या कादिकोई गावाजवळचं, त्या रस्त्याचं एक चित्र आहे. चिखल, रुतलेल्या गाड्या, कोसळलेली जनावरं, वाकलेली माणसं. त्याला नाव दिलंय ते रसदखात्याच्या अडचणींचं. इंग्रजी सौजन्याचा हा एक नमुनाच म्हणायचा. अडचणी!

सिम्पसनला मी संत ठरवत नाही. इंग्रज सेनापती लॉर्ड राग्लनच्या मुख्यालयाशी त्याचे संबंध गोड होते, ग्राहक उच्चभ्रू होते, आणि संग्रह राणीला अर्पण केलेला होता. दगडावरून छापलेल्या त्याच्या मऊ रंगांत चिखलसुद्धा देखणा दिसतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही त्याने जे केलं ते मोलाचं, आणि का, हे त्याच्यामागून आलेल्या छायाचित्रकाराशी तुलना केली की कळतं.

रॉजर फेंटन मार्च १८५५ मध्ये आपली काळोख्या खोलीची गाडी घेऊन बालाक्लावात आला. साडेतीनशेच्या वर छायाचित्रं घेऊन गेला. युद्धाच्या छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर असतं, आणि ते योग्यच. पण त्या काळच्या छायाचित्राच्या ओल्या काचेला काही सेकंद उजेड लागे. हलणारी वस्तू पुसट होई. माल उतरवणं म्हणजे तर नुसतं हलणं, त्यामुळे फेंटनचं बंदर स्थिर आहे. डोलकाठ्यांचं रान, धक्क्यावर रचून ठेवलेले तोफगोळे, पोझ घेऊन उभी असलेली माणसं. शिवाय तो पोहोचला तेव्हा सगळ्यात वाईट महिने सरले होते. पेटो, ब्रासी आणि बेट्स या कंत्राटदारांनी नफा न घेता रेल्वे बांधायचं कबूल केलं होतं. त्यांच्या मजुरांनी फेब्रुवारीत काम सुरू करून सुमारे सात आठवड्यांत बंदरापासून पठारापर्यंत रूळ नेला. फेंटनची छायाचित्रं खोटी नाहीत. ती सुधारलेल्या बंदराची आहेत. लंडनमध्ये ती बघणाऱ्याला वाटलं असेल, रसेल उगाच ओरडत होता.

चित्रकार तासभर बसतो. त्या तासात आलेली, गेलेली, पडलेली, उठलेली माणसं तो एका कागदावर आणतो. म्हणजे तो काळ गोळा करतो, आणि रसद ही मुळातच काळाची गोष्ट आहे. पेट्या किती आहेत याला महत्त्व नाही, त्या कधी हलल्या याला आहे. छायाचित्र ढीग दाखवतं. बरं चित्र ढीग का साचलाय हे दाखवू शकतं: मागे जहाज रिकामं होतंय, मधे पेट्यांची चळत, आणि पुढे गाडीच नाही. आजचा चलचित्र-कॅमेरा हेही करू शकतो, मान्य. पण लष्कराच्या बंदोबस्तात हिंडवलेला कॅमेरा जे दाखवलं जातं ते आधी टिपतो. कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे दुसऱ्या तासाला कुणी लक्ष देत नाही. स्केचबुकचा हा एक क्षुद्र पण खरा फायदा आहे.

चित्राने सरकार पडत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. अ‍ॅबरडीन या पंतप्रधानाचं मंत्रिमंडळ जानेवारी १८५५ च्या अखेरीस खासदार रोबकच्या चौकशीच्या ठरावावर ३०५ विरुद्ध १४८ मतांनी कोसळलं, ते रसेलच्या वृत्तान्तांमुळे आणि घरोघर आलेल्या सैनिकांच्या पत्रांमुळे. सिम्पसनचे लिथोग्राफ बाजारात आले ते त्यानंतर. मग चित्राचं काम काय? ते पुढच्या वर्षी दिसलं. सर जॉन मॅकनील आणि कर्नल टुलोक यांनी क्रिमियात जाऊन रसदीची चौकशी केली. लिंबाचा रस, कॉफी, चारा, सगळं नोंदवलं, आणि अधिकाऱ्यांची नावं घेतली. लगेच लंडनमधल्या चेल्सीत लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ बसलं आणि त्याने जवळजवळ सगळ्यांना निर्दोष सोडलं. लोक त्याला सफेदी मारणारं मंडळ म्हणू लागले. चौकशी करणाऱ्या दोघांच्या हातावर प्रत्येकी हजार पौंड ठेवून प्रकरण मिटवायचं ठरलं. त्यांनी ते नाकारले, पुढे ओशाळून त्यांना मानमरातब दिले गेले. अहवालाविरुद्ध दुसरा अहवाल लिहिता येतो. साक्षीदाराला उलटतपासणीत गोंधळवता येतं. कादिकोईच्या रस्त्याचं चित्र मात्र तोवर शेकडो घरांत लागलेलं असतं, आणि त्यात घोडा मेलेलाच राहतो.

आता आक्षेपाकडे. सेनापती म्हणेल, बंदर म्हणजे फौजेची शीर, तिचं चित्र छापणं म्हणजे शत्रूच्या हातात नकाशा देणं. आक्षेप पोकळ नाही. राग्लनने रसेलबद्दल हीच तक्रार केली होती, आणि रसेल कधीकधी खरोखरच जास्त लिहून जाई. फेब्रुवारी १८५६ मध्ये जनरल कॉड्रिंग्टनने हुकूम काढून शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती प्रसिद्ध करायला बंदी केली. ब्रिटिश लष्करी सेन्सॉरशिपची सुरुवात बहुधा याच हुकमापासून सांगितली जाते. गंमत अशी की तोवर लढाई संपल्यातच जमा होती.

पण धोका कुठून येतो ते नीट पाहावं. अमेरिकी यादवीत उत्तरेच्या जनरल ग्रँटचं रसदीचं बंदर व्हर्जिनियातल्या सिटी पॉइंटला होतं. ९ ऑगस्ट १८६४ ला तिथे दारूगोळ्याची एक नाव उडाली आणि धक्क्यावरची कितीतरी माणसं मेली. सगळ्यांना अपघात वाटला. युद्ध संपल्यावर कळलं की दक्षिणेच्या एका हेराने घड्याळाचा बॉम्ब पेटीत घालून, कॅप्टनने मागवलाय असं सांगत, सरळ नावेवर देऊन टाकला होता. सिटी पॉइंटची चित्रं 'हार्पर्स वीकली'सारख्या साप्ताहिकांत येत होती, पण हेराला चित्राची गरज पडली नाही. त्याला ढिसाळ पहारा पुरला. आज तर व्यापारी उपग्रह कुठल्याही बंदरातली जहाजं मोजून विकतात. शत्रू पैसे देऊन ती घेतो. आंधळे राहतात ते स्वतःचेच नागरिक.

राहिला प्रश्न ताज्या माहितीचा: कुठल्या जहाजात काय आहे, ते कधी येणार. ती लपवायला कुणाचीच हरकत नसावी. त्यासाठी विलंब पुरतो. सिम्पसनच्या काळी हा विलंब आपोआप होई. रेखाटन जहाजाने लंडनला जायचं, दगडावर उतरायचं, छापायचं, म्हणजे महिने गेले. आज तो विलंब नियमाने आणावा लागेल. नव्वद दिवस म्हणा, सहा महिने म्हणा. मुदत संपली की चित्र बाहेर, कुणाचीही परवानगी न मागता. 'सुरक्षेच्या कारणास्तव' हे शब्द मुदतीशिवाय उच्चारू द्यायचे नाहीत, एवढीच अट आहे. आणि ती जाचक वाटत असेल, तर झाकायचं आहे ते शत्रूपासून नाही हे उघड आहे.

दुसरा आक्षेप मला स्वतःलाच अधिक छळतो. बंदराचं चित्र सरकारला आवडतंच की! भरलेला धक्का म्हणजे सामर्थ्य. सिटी पॉइंटची त्या काळची चित्रं आणि छायाचित्रं पाहावीत: नदीत शेकडो जहाजं, कोठारांच्या रांगा, स्वतंत्र रेल्वे, दिवसाला लाखभर माणसांची भाकरी भाजणारी भटारखान्याची यंत्रणा. दक्षिणेचा सैनिक पलीकडे मूठभर मक्यावर जगत होता. ही चित्रं खरी होती आणि तीच उत्तम जाहिरातही होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१६ मध्ये म्युरहेड बोनला पहिला अधिकृत युद्धचित्रकार नेमलं, ते प्रचारखात्यामार्फतच. त्याने स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या काठची जहाजबांधणीही काढली, आणि ती कमालीची सुंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात कलातज्ज्ञ केनेथ क्लार्कच्या सरकारी समितीने हजारो चित्रं जमवली. चित्रकारांनी मरू नये हाही त्यामागचा छुपा हेतू होता, असं क्लार्कने पुढे सांगून टाकलं. ती सगळी चित्रं सेन्सॉरच्या टेबलावरून जात. अमेरिकेत १९४३ मध्ये काँग्रेसने लष्कराच्या चित्रकारांचा पैसाच बंद केला, तेव्हा 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांतल्या बऱ्याच जणांना पदरी घेतलं. सरकारी पैसा असा असतो. दिला तर बांधतो, आणि काढला तर काम थांबतं.

म्हणून 'बंदराची चित्रं काढा' एवढं पुरत नाही. कुठे बसून काढायची याचं स्वातंत्र्य हवं. धक्क्यावर बसलेल्या चित्रकाराला समृद्धी दिसते. धक्क्यापासून मैलभर आत बसलेल्याला रस्ता दिसतो. सरकार पहिल्या जागी खुर्ची मांडून देतं. दुसऱ्या जागी ते माणसाला जाऊ देत नाही.

आणि ओझं कोण उचलतंय, हे बघायलाही चित्रकार हवा. बालाक्लावात तुर्की सैनिकांना हमालीला जुंपलं होतं. इंग्रजांनी त्यांना भित्रे ठरवून वाऱ्यावर सोडलं, आणि ते निवाऱ्याविना, औषधाविना, गावाच्या कडेला ढिगाने मेले. सिटी पॉइंटच्या धक्क्यावर घाम गाळणारे बहुतेक जण नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे मजूर होते. युद्धस्मारकांवर नावं सैनिकांची कोरली जातात, आणि हमाल कुठल्याच पलटणीचा नसतो. बंदराचं प्रामाणिक चित्र काढू लागलं की ही माणसं टाळताच येत नाहीत, कारण चित्राच्या मध्यभागी तीच असतात. सेनापतीचं व्यक्तिचित्र काढताना हा त्रास होत नाही.

व्हिएतनामपासून मात्र चित्रकाराची पंचाईत झाली. १९६५-६६ मध्ये अमेरिकेने एकाएकी फौज वाढवली तेव्हा सायगॉनच्या बंदरात जहाजं आठवडेच्या आठवडे खोळंबून राहिली. माल चोरीला जाई, हरवे, कुजे. बालाक्लावाचाच आधुनिक अवतार. उपाय म्हणून माल्कम मॅक्लीनच्या सी-लँड कंपनीला कंत्राट मिळालं आणि १९६७ पासून दा नांग व काम रान्ह बेला लोखंडी कंटेनर येऊ लागले. कोंडी फुटली. परतीच्या वाटेवर तीच जहाजं जपानचा माल भरून नेऊ लागली, आणि जगाच्या व्यापाराची रीतच बदलायला हातभार लागला. अमेरिकन लष्कराने १९६६ ते १९७० या काळात चित्रकारांची लहान पथकं व्हिएतनामला पाठवली होती, आणि विषय निवडायची मोकळीकही बरीच दिली होती. पण कंटेनरचं चित्र काढायचं काय? आत पाव आहे की पेट्रोल-बॉम्ब, हे लोखंडाच्या खोक्यावरून कळत नाही. पूर्वीच्या धक्क्यावर पोतं, पिंप, दोरखंड, घोडा, शिव्या, सगळं उघड्यावर असे. आता युद्धाचं बंदर इतर कुठल्याही बंदरासारखं दिसतं. लपवायला सेन्सॉरही लागत नाही. याचा अर्थ चित्रकाराची गरज संपली असा मी घेत नाही. त्याने खोकं उघडतं तिथपर्यंत जायला हवं, असा घेतो.

१९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिनामधल्या फॉकलंड युद्धात ते थोडंफार घडलं. इंपीरियल वॉर म्युझियमने लिंडा किट्सन या चित्रकर्तीला 'क्यूई २' जहाजावरून पाठवलं. सरकारने पत्रकारांची संख्या आवळून धरली होती, ब्रिटिश वृत्तसंस्थांचे छायाचित्रकार मोजून दोन होते. टीव्हीची काही फिल्म घरी पोहोचायला २३ दिवस लागले, म्हणजे रसेलच्या घोडदळाच्या बातमीपेक्षाही जास्त. अशा युद्धात किट्सनने झरझर ओढलेल्या रेषांत जहाजांच्या डेकवरचा पसारा, सामानाखाली वाकलेले सैनिक, मेंढ्यांच्या गोठ्यांत केलेले मुक्काम उतरले. टीकाकारांना ती रेखाटनं कच्ची वाटली. असोत कच्ची. कारण त्या युद्धाचा कळीचा क्षणही रसदीचाच होता. २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने पेटलं, बारा माणसं गेली, आणि त्याच्याबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टरं व हजारोंसाठीचे तंबू गेले. पुढे सैनिकांनी पाठीवर ओझी घेऊन दलदल तुडवत जी पायपीट केली, तिचं वृत्तपत्रांनी पराक्रम म्हणून कौतुक केलं. ती पायपीट होतीच पराक्रमाची. पण ती करावी लागली, कारण वाहनं समुद्राच्या तळाशी होती आणि सगळी एकाच जहाजात का होती, हा प्रश्न कौतुकात विरून गेला. 'प्रिन्स' बुडाली तेव्हाही एकाच जहाजात एवढे कपडे का, हेच विचारायला हवं होतं.

अगदी अलीकडचं बघायचं तर २०२४ चा गाझाचा तरंगता धक्का आहे. अमेरिकी लष्कराने उभारलेल्या या धक्क्यावरून १७ मेपासून मदत उतरू लागली. आठवडाभरात खवळलेल्या समुद्राने तो मोडला, दुरुस्त झाला, पुन्हा काढून ठेवावा लागला, आणि जुलैत कायमचा बंद झाला. चालू राहिला तो जेमतेम वीसेक दिवस. या काळात किती टन माल उतरला याचे आकडे नेमाने जाहीर होत होते, धक्क्याची हवेतून घेतलेली चित्रं नेमाने दाखवली जात होती. आणि किनाऱ्यावरच्या मैदानात पेट्या साचत होत्या, कारण तिथून पुढे ट्रक सुरक्षित जाऊ शकत नव्हते. जागतिक अन्न कार्यक्रमाने जूनमध्ये वाटप थांबवलं होतं. परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाता येत नव्हतं. उतरवणं म्हणजे पोहोचवणं, असा समज करून देणं सत्तेला बालाक्लावापासून सोयीचं आहे, आणि तो मोडायला पेट्यांच्या पलीकडे उभा असलेला कुणीतरी लागतो.

तेव्हा मागणी नेमकी करतो. युद्धचित्रकाराची नेमणूक लष्कराने किंवा माहितीखात्याने करू नये. ती संग्रहालयाने करावी, कायद्याने स्वायत्त असलेल्या आणि ज्याचा पैसा दरवर्षी मंत्र्याच्या दारात जाऊन मागावा लागत नाही अशा. चित्रकाराला आघाडीवर जायचा हक्क नसला तरी चालेल, तिथे त्याला आणि इतरांना धोका आहे. पण बंदर, गोदाम, इस्पितळाचं जहाज आणि या सगळ्यांना जोडणारा रस्ता, एवढ्या जागा त्याला नाकारता येऊ नयेत. चित्राचा विलंब ठरलेला असावा. मूळ कागद संग्रहालयाच्या ताब्यात जावा, म्हणजे साप्ताहिकाच्या कारागिराने किंवा संपादकाने त्यातला मेलेला घोडा पुसला तरी मूळ घोडा कुठेतरी राहील. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'साठी क्रिमियातून रेखाटनं पाठवणाऱ्या कॉन्स्तांतँ गीजसारख्यांची चित्रं लाकडावर कोरताना तिकडे बदलली जात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि चालत होतं.

खर्चाचा मुद्दा कुणी काढू नये. चित्रकाराच्या प्रवासाचा, कागदाचा आणि जेवणाचा वर्षभराचा खर्च एका क्षेपणास्त्राच्या किमतीत कितीतरी वेळा बसतो. प्रश्न आहे तो अधिकाऱ्यांना ओशाळं वाटण्याचा. चेल्सीच्या मंडळाने ज्यांना सोडलं, त्यांतल्या कुणालाही कादिकोईच्या त्या चित्रापुढे उभं राहून आपली बाजू मांडावी लागली नाही. पुढच्या चौकशीत भिंतीवर चित्र असावं, आणि साक्षीदाराला त्यातली कुठली पेटी कुठल्या तारखेला हलली, हे विचारलं जावं.